प्लास्टर घट्ट होईपर्यंत

दातांच्या डॉक्टरला कुणी मनातलं सांगत नाही. सांगणार तरी कसं? तोंडात आमची बोटं, आरसा, कापसाचे बोळे, आणि वर आम्हीच विचारणार, "काय, मुलांच्या परीक्षा झाल्या का?" पेशंट "आं आं" करतो, आम्ही "वा वा" म्हणतो. म्हैसूरच्या अग्रहारात चाळीस वर्षं मी असा एकतर्फी बोलत आलो. आता दवाखाना मुलीकडे दिलाय आणि बोलायला कुणी सापडत नाही, म्हणून हा कागद पुढं ओढला.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते असं घरात सांगतात. घोडे गेले, तलवारी मोडीत गेल्या, राहिला तो नुसता ताठा. घरात मराठीच बोलतो, पण तिच्यात निम्मं कन्नड असतं. पुण्याहून आलेले पाहुणे हसतात. हसू द्या. एक कन्नड शब्द मात्र मला इथं लागणारच आहे, तो आधीच सांगून ठेवतो. तो म्हणजे 'एनिल्ला'. एनिल्ला म्हणजे काही नाही.

बाई दवाखान्यात आली की खुर्चीत बसायच्या आधी सगळं सांगून मोकळी होते. कधीपासून दुखतंय, गार लागतं की गरम, लवंग कोणी ठेवायला सांगितली, नणंद त्यावर काय म्हणाली. पुरुषाला विचारा, "काय होतंय?" उत्तर ठरलेलं, "एनिल्ला, डॉक्ट्रे." अरे बाबा, काही नाही तर सकाळी आठ वाजता गाल धरून माझ्या दारात का उभा आहेस?

ह्या एनिल्लावाल्यांच्या दातांत मला एक गोष्ट दिसायला लागली. दाढांना वरून छोटे उंचवटे असतात, अन्न चावायला. ह्यांच्या दाढा घासून सपाट झालेल्या, जुन्या पायरीसारख्या. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावरचा स्नायू सुपारी ठेवल्यासारखा टणक. ही माणसं झोपेत दात खातात. दिवसभर जे ओठांबाहेर येऊ दिलं नाही ते रात्री दातांखाली चिरडतात. सकाळी डोकं जड, कानशिलं ठणकतात, आणि वाटतं दात किडला.

एका मुख्याध्यापकांची दाढ दरवर्षी दहावीच्या निकालाच्या महिन्यात दुखायची, बाकी अकरा महिने ठणठणीत. कुवेंपुनगरचे एक इंजिनियर होते. मुलीचं लग्न ठरल्यापासून त्यांच्या दाढेतलं सिमेंट तीनदा फुटलं. ते माझ्यावर चिडले, मी सिमेंट बनवणाऱ्या कंपनीवर चिडलो, चांगलं दोन पानी पत्र लिहिलं. लग्न पार पडलं आणि चौथं सिमेंट मुलीला दोन मुलं होईपर्यंत टिकलं. कंपनीची मी अजून माफी मागितलेली नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी मूर्खच होतो, आणि वर गाजलेला मूर्ख. माझा हात हलका, अशी गावात ख्याती. ऑफिसला जाता जाता दात काढून मिळतो, दहाच्या आत कचेरीत हजर. ह्या ख्यातीनं माझं डोकं फिरवलं होतं. आणि त्याची किंमत नागोजीरावांनी मोजली.

नागोजीराव रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. आमच्यातलेच, घोडदळवाल्यांपैकी. पन्नाशीला आलेले, उंच, मिशीला पीळ, बोलणं मोजकं. पहिल्यांदा आले तेव्हा बारीक पाऊस होता आणि गडी नखशिखांत भिजलेला.

"काय होतंय, नागोजीराव?"

"एनिल्ला. उजवीकडची खालची दाढ. काढून टाका की."

मी दाढेवर टकटक केलं, ते कळवळले. एक्स-रे काढला, त्यात खास काही दिसलं नाही. पण त्या काळी माझ्या एक्स-रे मशीनवर माझा विश्वास कमीच होता आणि स्वतःच्या हातावर जास्त. शिवाय समोरचा माणूस सांगतोय, काढा. काढली. पाच मिनिटांचं काम.

जाताना पद्मम्मानं दारातली छत्री पुढं केली. पद्मम्मा म्हणजे माझ्याकडे पहिल्या दिवसापासून काम करणारी बाई. हत्यारं उकळणं, पेशंटांना धीर देणं आणि मला टोमणे मारणं ही तिची कामं. नागोजीरावांनी त्या छत्रीकडे असं बघितलं की जणू तिनं साप पुढं केला. दोन पावलं मागं सरकले आणि तोंडात कापूस धरून तसेच पावसात निघून गेले.

"अय्यो, हा काय माणूस!" पद्मम्मा म्हणाली.

मी ट्रेमधली दाढ उचलून पाहिली. दाढ स्वच्छ होती. मुळं निरोगी, कीड नाही, पू नाही, तडा नाही. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात लाजिरवाणी चूक. चुकीचा दात काढला!

पंधरा दिवसांनी ते परत आले. दुखणं शेजारच्या दाढेत. मी मनात म्हटलं, बघा, खरी गुन्हेगार हीच होती, मागच्या वेळी मी शेजारीण पकडली. ही काढली की आपली चूक दुरुस्त झाली. त्यांना मात्र एका शब्दानं बोललो नाही. दुसरी दाढ काढली, तीही तशीच स्वच्छ. दोन्ही दाढा एका काचेच्या बाटलीत घालून मी कपाटात मागं लपवल्या.

त्या दिवसांत मालती, माझी बायको, सकाळी चहा देताना म्हणायची, "अहो, तुम्ही झोपेत फार दात खाता." मी म्हणायचो, "दातांचे डॉक्टर दात खात नसतात." आणि पेपर उघडायचो. सांगितलं ना, ताठा!

तिसऱ्यांदा नागोजीराव आले तेव्हा चेहरा उतरला होता, मिशीचा पीळ गेला होता. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्ट्रे, आता वरची. आजच काढा. सोमवारी मला ड्यूटीवर हजर व्हायचंय. दातदुखीची रजा किती दिवस घेऊ? हे दुखणं गेल्याशिवाय मला इंजिनवर चढता येणार नाही."

मी चिमट्याकडे हात नेला आणि थांबलो. हा हात तिसऱ्यांदा चुकला तर? चिमटा ठेवला आणि म्हटलं, आधी नीट तपासतो. त्यांच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली, कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर. तेवढ्यात शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

माझ्या बोटांखालचा स्नायू एका झटक्यात दगड झाला. दात दातांवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी खुर्चीचे हात असे धरले की बोटं पांढरी पडली. कुकरची दुसरी शिट्टी झाली, पुन्हा तेच. नागोजीरावांच्या कपाळावर घाम आला होता.

दुखणं दाढेत नव्हतंच, हे तेव्हा माझ्या बोटांना समजलं. ते कशात होतं हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

"दात काढायचा नाही," मी म्हटलं. "तुम्ही झोपेत दात खाता. दातांवर बसवायची एक टोपी करून देतो, रात्री घालून झोपायचं. त्यासाठी आधी माप घेऊ."

हे माप घेणं म्हणजे असं. गुलाबी पेस्ट कालवून ती चमच्यासारख्या साच्यात भरायची आणि दातांवर दाबून धरायची. दोन-तीन मिनिटांत ती रबरासारखी होते, तिच्यात दातांचा ठसा येतो. मग त्या ठशात प्लास्टर ओतायचं. प्लास्टर घट्ट व्हायला अर्धा तास लागतो, आणि मग हातात येतात ते पेशंटचे दात, पांढरे, हुबेहूब. त्या अर्ध्या तासाला पेशंटची काही गरज नसते. तो घरी जाऊ शकतो.

नागोजीराव उठायला लागले. त्यांना तसं जाऊ देणं माझ्या जिवावर आलं. मी चक्क खोटं बोललो, "प्लास्टर घट्ट होईपर्यंत थांबावं लागतं. या मागच्या खोलीत."

मागची खोली म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं, खिडकी आणि सगळीकडे पांढरी भुकटी. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो, तोंडं त्या ओल्या प्लास्टरकडे. माझ्या डोळ्यांसमोर ती कपाटातली बाटली येत होती. शेवटी मला राहवेना. त्यांच्याकडे न बघता, प्लास्टरकडे बघत मी बोललो.

"नागोजीराव, तुमच्या दोन्ही दाढा चांगल्या होत्या. मी उगाच काढल्या. पहिली काढल्यावरच मला कळलं होतं. सांगायला धीर झाला नाही. फार मोठी चूक झाली माझ्याकडून."

मला वाटलं आता हा माणूस उठून माझी गचांडी धरणार. धरली असती तरी चाललं असतं. ते प्लास्टरकडेच बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्याकडून नुसते दात गेले, डॉक्ट्रे."

मी गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा पेशंटसमोर गप्प राहिलो असेन.

"दोन महिने झाले," ते प्लास्टरला सांगितल्यासारखं सांगू लागले. "दुपारची गाडी. सरळ रूळ, लख्ख ऊन. एक म्हातारा रूळ ओलांडत होता. उन्हासाठी डोक्यावर काळी छत्री. मी शिट्टी दिली. त्याला ऐकू येत नसावं. परत दिली, देतच राहिलो. ब्रेक पूर्ण मारलेला. पण भरली गाडी, डॉक्ट्रे, ती काय सायकल आहे? थांबायला फार अंतर लागतं. तेवढं अंतर मी नुसता बघत होतो. त्यानं एकदा जरी मान वळवली असती..."

मग म्हणाले, "मी उतरून मागं गेलो. छत्री बाजूला गवतात पडली होती. उघडीच. छत्रीला काहीसुद्धा झालं नव्हतं."

"घरी सांगितलंत?"

"काय सांगायचं? गिरिजानं विचारलं, उशीर का झाला. म्हटलं, एनिल्ला, गाडी लेट. साहेबांनी विचारलं, ठीक आहेस ना? एनिल्ला, सर. चार दिवस रजा मिळाली, परत चढलो. शिट्टीच्या दोरीला हात लावला की माझे दात वाजतात. सोमवारी परत चढायचंय. मागं डब्यांत एवढी माणसं बसलेली असतात."

आणि मिशीवाला नागोजीराव रडला. हमसून हमसून, खांदे हलवत रडला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं उगाच प्लास्टर चाचपत राहिलो. घट्ट होताना प्लास्टर आतून गरम होतं. मी तो साचा त्यांच्या हातात दिला. काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला.

शांत झाल्यावर मी त्यांना सांगितलं ते माझ्या बेताच्या अकलेनं. "ह्या अवस्थेत सोमवारी इंजिनवर चढू नका. तुमच्या रेल्वेच्या डॉक्टरांना हे सगळं जसंच्या तसं सांगा, दाताचं नाव पुढं करू नका. ते मनाच्या डॉक्टरकडे पाठवतील, तर जा. पाय मोडला असता तर हाडाच्या डॉक्टरकडे गेला असतात की नाही? आणि त्याआधी आज घरी जाऊन गिरिजावहिनींना सांगा."

"तिला भीती वाटेल."

"तिला आत्ता वाटत नसेल असं वाटतं का तुम्हाला?"

त्यांनी साचा टेबलावर ठेवला. बाहेर आले तेव्हा पद्मम्मानं त्यांचे डोळे पाहिले आणि जन्मात पहिल्यांदा टोमणा गिळला. तिनं फक्त कॉफी आणून दिली.

पुढचे चार दिवस माझेच दात जागेवर नव्हते. हा माणूस गेला असेल का डॉक्टरकडे, की सोमवारी चढणार इंजिनवर? शनिवारी टोपी न्यायला आले तेव्हा गिरिजावहिनी सोबत होत्या. बारीकशा, ठसठशीत कुंकवाच्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "दोन महिने ह्यांच्या दातांचा आवाज मी ऐकत होते, डॉक्टर. विचारलं की एनिल्ला. मला वाटलं माझंच काही चुकलं." बोलता बोलता त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की मी हत्यारं पुसायला वळलो.

नागोजीराव तीन महिने इंजिनपासून लांब राहिले. त्यांना उपचार मिळाले, कचेरीतलं बैठं काम मिळालं. माझ्याकडे ते टोपी घासून घ्यायला यायचे. जबडा कसा सैल ठेवायचा ते मी त्यांना शिकवलं. ते तुम्हालाही सांगतो, फुकट आहे. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न लागलेले, जीभ टाळूला टेकलेली. जेवताना सोडून दिवसभर असंच राहायचं. संध्याकाळी गरम पाण्याचा कपडा गालांवर ठेवायचा, रात्रीची कॉफी बंद करायची. आणि रोज चालायचं. ते म्हणायचे, "डॉक्ट्रे, चालताना बोलता येतं. गिरिजाला मी चालतानाच सगळं सांगितलं. समोर बघत." चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावर ते परत इंजिनवर चढले. आधी दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर, मग एकटे.

मी म्हटलं, ती दोन दातांची खिंड भरून देतो, नवे दात बसवतो, माझीच चूक आहे. तर म्हणाले, "परवागिल्ला, चालतंय, राहू द्या. जीभ तिथं गेली की आठवतं, गिळून टाकायचं नाही म्हणून."

तेव्हापासून मी ती रीतच पाडली. एनिल्लावाला कुणी आला की माप घ्यायचं आणि सांगायचं, प्लास्टर घट्ट होईपर्यंत थांबावं लागतं. मागच्या खोलीत दोन स्टुलं शेजारी शेजारी, समोरासमोर कधीच नाही. पुरुषमाणसाच्या डोळ्यांत बघून विचारलं की तो एनिल्ला म्हणणार. त्याला बघायला दुसरं काहीतरी द्या. सगळेच बोलले असं नाही. काही जण अर्धा तास पेपर वाचून उठून गेले, त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. पण कितीतरी बोलले. नोकरीतली बदली, आईचं आजारपण, बोलणं टाकलेला मुलगा. मी काही मनाचा डॉक्टर नव्हे, मी फक्त प्लास्टर बघायचो. गरज वाटली तर योग्य माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचो. आणि निरोगी दात त्यानंतर एकही काढला नाही. बाटली मात्र टेबलावर आणून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

आता शेवटचं. ते लिहावं की नाही ह्याचा बरेच दिवस विचार केला.

दीड वर्षापूर्वी मालती गेली. आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. लोक भेटायला येत होते, विचारत होते, कसे आहात? मी काय म्हणालो असेन ते तुम्ही ओळखलंच असेल. मुलीनं विचारलं, बाबा, बरं आहे ना? एनिल्ला गं. दवाखान्यातून मन उडालं म्हणून तो तिच्या हवाली केला आणि विजयनगरच्या घरात बसून राहिलो. सकाळी उठलो की कानशिलं ठणकायची. दाढ दुखतेय, मी मुलीला म्हटलं, काढून टाक. तिनं माझ्या गालावर बोटं ठेवून कानाखालचा स्नायू चाचपला. दाढ काढली नाही, पण त्याच संध्याकाळी तिनं एक फोन केला असावा.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नागोजीराव उभे. ऐंशीच्या घरातले, मिशी पांढरी, पीळ शाबूत. काखेत काळी छत्री.

"चला, डॉक्ट्रे. कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर जाऊ."

"कशाला? मला काही झालेलं नाही."

"मलाही काही झालं नव्हतं. चप्पल घाला."

तळ्याच्या काठानं आम्ही चालायला लागलो. झाडांवर बगळे होते, लोक भराभर पुढं जात होते. मग बारीक पाऊस आला. नागोजीरावांनी छत्री उघडली आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर धरली. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही.

"माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले. "पाण्याकडे बघा. पुरी फेरी व्हायची आहे, तोवर थांबावं लागतं."

मी पाण्याकडे बघितलं. मालती सकाळी चहा देताना काय म्हणायची आणि मी काय उत्तर द्यायचो, तिथपासून सांगायला सुरुवात केली.

त्या दिवशी आमच्या दोन फेऱ्या झाल्या.